ऑनलाइन खरेदीला वेगळी चावी हवी?

‘सिक्युरिटी की’ म्हणजे पेन ड्राइव्हएवढी, लॅपटॉपला जोडायची सुरक्षा-चावी. सेलमध्ये साड्या नि मिक्सर घेणाऱ्यांनीही ती घ्यावी का? पैसे मोजण्याआधी हे वाचा.

पत्ता पाहूनच उत्तर
बनावट साइटच्या पत्त्यात अनेकदा एखादंच अक्षर बदललेलं असतं. आपली नजर चुकते, चावीची नाही. ज्या पत्त्यावर तिची नोंदणी झाली, त्यालाच ती उत्तर देते.

गूगलचा दाखला
गूगलने 2017 च्या सुरुवातीला 85,000 हून अधिक कर्मचाऱ्यांना अशा चाव्या वापरायला लावल्या. तेव्हापासून फिशिंगमुळे, म्हणजे बनावट साइट वा मेसेजच्या सापळ्यामुळे, एकाचंही ऑफिसचं खातं चोरांच्या हाती लागलं नाही, असं कंपनीने 2018 मध्ये सांगितलं.

तरी ओटीपी सुटत नाही
ऑनलाइन कार्ड-व्यवहारात दुसरी पडताळणी रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट 2009 पासूनच सक्तीची केली. चावी राखते ती लॉगिनची दारं. पैसे देताना बँक सहसा ओटीपी किंवा तशीच दुसरी पडताळणी मागतेच.

सोनेरी चिप, घरी निवांत
कार्डावरची चिप दुकानातल्या मशीनवर कामाची. ऑनलाइन आपण नंबरच टाइप करतो, मग ती काय करणार? म्हणून 1 ऑक्टोबर 2022 पासून दुकानदार साइट्सना कार्डाचा पूर्ण नंबर साठवायला मनाई आहे. त्याऐवजी टोकन, म्हणजे नंबराच्या जागी वापरायचा सांकेतिक क्रमांक, चालतं.

खिशातच हार्डवेअर
ॲपलने 2013 च्या आयफोन 5एसमध्ये बोटाचा ठसा जपणारा वेगळा सुरक्षित भाग दिला. विंडोज 11 ला टीपीएम 2.0 ही सुरक्षा-चिप लागतेच. त्यांच्या जोरावर ‘पासकी’ चालते: पासवर्ड नाही, बोट किंवा चेहरा पुरतो. बनावट साइटला तीही बधत नाही.

इथे मात्र चिपही हतबल
‘रिफंड देतो, पिन टाका’ म्हणणाऱ्याचं ऐकलंत, तर कुठलंच यंत्र वाचवणार नाही. यूपीआयवर पैसे घ्यायला पिन लागतच नाही!

निकाल
पत्रकार, कार्यकर्ते, कंपनीचं सर्व्हर सांभाळणारे यांनी चावी जरूर घ्यावी, आणि दोन घ्याव्यात. एक हरवली तर दुसरी हवी. बाकीच्यांनी ईमेलला आणि खरेदीच्या खात्याला जमेल तिथे पासकी लावावी, बँकेच्या ॲपमध्ये कार्डाची ऑनलाइन मर्यादा कमी ठेवावी. आणि फसलातच, तर लाजत बसू नका: लगेच बँकेला कळवा आणि सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनचा 1930 हा नंबर फिरवा.