शेतावरील बिअर-कारखाना : न्यूयॉर्क राज्याचा अनुभव व त्यातील बोध

शेतात पिकलेला माल कच्च्या स्वरूपात विकला की त्यावरील पुढचा नफा दुसऱ्याच्या पदरी पडतो, ही गोष्ट शेतकरी बंधूंना नव्याने सांगावयास नको. उसाचा गूळ, भुईमुगाचे तेल आणि द्राक्षांचे बेदाणे करण्याच्या मुळाशी हाच विचार आहे. जवापासून शेतावरच बिअर तयार करून ती तेथेच विकण्याचा जो उद्योग अमेरिकेच्या ग्रामीण भागात गेल्या काही वर्षांत वाढला, तोही याच विचारातून होय. असा नवा कारखाना उघडला की पाहुण्यांची दृष्टी चकचकीत भांड्यांवर खिळते. त्या भांड्यांत धान्य कोठून येते आणि ते पिकविणाऱ्याच्या हाती काय उरते, हा आपल्या दृष्टीने खरा प्रश्न आहे. मद्यपानाचा प्रसार करणे हा या लेखाचा हेतू नाही. प्रक्रिया-उद्योगात पैसा गुंतविण्यापूर्वी शेतकऱ्याने कोणता हिशेब करावा, एवढेच येथे पाहावयाचे आहे.

कायद्याने घातलेला पाया

बिअरला कडवटपणा व सुवास देणारी हॉप नावाची वेल एके काळी न्यूयॉर्क राज्याचे वैभव होते. १८८० च्या सुमारास ऑट्सेगो, मॅडिसन इत्यादी परगण्यांत तिचे विस्तीर्ण मळे होते. पुढे बुरशीजन्य रोग, मावा आणि पश्चिम किनाऱ्यावरील राज्यांची स्पर्धा यांनी हे पीक खालावले. १९२० ते १९३३ या काळातील देशव्यापी दारूबंदीने उरलेसुरले मळेही बहुतेक नाहीसे केले. पीक गेले, त्याबरोबर ते वाळविण्याची साधने व पिढीजात कसबही गेले.

२०१२ साली त्या राज्याने शेतावरील बिअर-कारखान्यांसाठी स्वतंत्र कायदा केला व तो जानेवारी २०१३ पासून अमलात आला. त्याअन्वये परवानाधारकास आपल्या आवारात बिअर पेल्याने विकण्याची सवलत मिळाली. मोबदल्यात एक अट घातली गेली : २०१८ अखेरपर्यंत किमान २० टक्के हॉप आणि इतर कच्च्या मालापैकी किमान २० टक्के माल राज्यातच पिकलेला असावा. त्यानंतर हे प्रमाण ६० टक्के व्हावे आणि २०२४ पासून ९० टक्क्यांवर जावे, असे टप्पे मूळ कायद्यात आखलेले होते. द्राक्षमद्याकरिता त्याच राज्याने १९७६ साली केलेल्या कायद्याचा अनुभव येथे उपयोगी पडला. सवलत आणि स्थानिक मालाची अट यांची अशी सांगड घातल्यामुळे कारखान्यांबरोबर शेतातील पिकाचाही विचार करणे भाग पडले.

जव आणि माल्ट यांमधील दुवा

कारखाने झपाट्याने निघाले, परंतु अडचण मधल्याच पायरीवर आली. बिअरसाठी जव जसेच्या तसे चालत नाही, त्याचे माल्ट करावे लागते. नाचणीला मोड आणून सत्त्व करणाऱ्या आपल्याकडील गृहिणीस ही क्रिया परकी वाटणार नाही. धान्य सुमारे दोन दिवस आलटून पालटून पाण्यात व हवेत ठेवून त्यातील ओलावा ४२ ते ४६ टक्क्यांपर्यंत नेतात. नंतर १५ ते १८ अंश सेंटिग्रेड तपमानात चार-पाच दिवस मोड येऊ देतात. शेवटी उष्ण हवेने वाळवून ओलावा सुमारे ५ टक्क्यांवर आणतात. मोड येताना तयार होणारी विकरे पुढे पिष्टाचे साखरेत रूपांतर करतात आणि त्या साखरेवर किण्व आपले कार्य करते.

ही क्रिया साधण्यास दाणा जिवंत हवा. शंभरातील किमान ९५ दाणे उगवले पाहिजेत, दाणे एकसारखे टपोरे असले पाहिजेत आणि प्रथिनांचे प्रमाण साधारणतः ९ ते १२ टक्क्यांच्या आत राहिले पाहिजे. अधिक उत्पन्नाच्या आशेने नत्राची मात्रा वाढविली की प्रथिने वाढतात व माल नाकारला जातो. न्यूयॉर्कमध्ये ऐन कापणीच्या वेळी पाऊस पडल्यास दाण्यास ओंबीतच मोड फुटतात. फ्युजेरियम बुरशीमुळे ओंब्यांवर रोग येऊन दाण्यात विषारी द्रव्य निर्माण होते व त्याचे प्रमाण दशलक्ष भागांत एक भागाहून अधिक भरले की माल्टवाला सहसा असा माल घेत नाही. नाकारलेले जव जनावरांच्या खाद्यासाठी विकता येते, परंतु पुष्कळच कमी दराने. यास्तव कॉर्नेल विद्यापीठाने त्या हवामानास मानवतील अशा वाणांवर काम केले व ‘एक्सेलसियर गोल्ड’ हा दोन ओळींच्या ओंबीचा वाण दिला. कारखान्याच्या उद्घाटनाचा समारंभ एका दिवसात उरकतो. वाण तयार होण्यास मात्र वर्षे लागतात.

अंकांचा हिशेब

आता प्रत्यक्ष आकडे पाहू. वर्षास १ लाख लिटर बिअर करणारा एक लहान कारखाना कल्पनेत घेऊ. १०० लिटरला १८ किलो माल्ट धरले तर एकूण १८ टन माल्ट लागेल. १०० किलो जवापासून सुमारे ८० किलो माल्ट मिळते, म्हणजे २२५ क्विंटल जव लागेल. हेक्टरी ३० क्विंटल उत्पन्न धरल्यास ते अवघ्या साडेसात हेक्टरांत, म्हणजे १८ ते १९ एकरांत पिकते. हॉप १०० लिटरला २०० ग्रॅम धरले तर २०० किलो लागेल. चांगल्या मळ्यात हेक्टरी १,५०० किलो वाळलेले हॉप निघते असे मानल्यास त्यास सुमारे १३ गुंठे पुरतील.

या अंकांवरून एक महत्त्वाची गोष्ट ध्यानात येते. एका लहान कारखान्याने एखाद्या तालुक्यातील धान्याच्या भावाचा प्रश्न सुटत नाही. पाच-दहा शेतकऱ्यांचे जव त्यास पुरते. नफा मुख्यतः धान्यात नसून माल थेट ग्राहकास विकण्यात आहे. म्हणून कारखान्याचा मालक कोण, हा प्रश्न कळीचा ठरतो. जव पुरविणारे शेतकरी भागीदार नसतील, तर त्यांची स्थिती पूर्वीच्याच विक्रेत्यासारखी राहील. बदल झाला तर तो गिऱ्हाइकाच्या नावापुरताच.

पाण्याचा हिशेबही विसरता येत नाही. एका लिटर बिअरमागे धुण्यासह चार ते सात लिटर पाणी लागते. पाच लिटरांचा सरासरी आकडा धरला तरी वरील कारखान्यास वर्षास ५ लाख लिटर पाणी हवे आणि वापरलेले पाणी शुद्ध केल्यावाचून ओढ्यात सोडता येणार नाही.

चोथ्याचा उपयोग

जमेच्या बाजूस एक गोष्ट आहे. माल्टमधील साखर काढून घेतल्यावर राहणारा चोथा दुभत्या जनावरांस चांगला असतो. त्याच्या शुष्क भागात २० ते २५ टक्के प्रथिने असतात. वरील कारखान्यात वर्षाकाठी सुमारे २० टन ओला चोथा निघेल. त्यात तीन-चतुर्थांशाहून अधिक पाणी असल्याने उन्हाळ्यात तो दोन-तीन दिवसांतच आंबतो व बुरशी धरतो. तेव्हा गोठा जवळ असेल तरच त्याचा लाभ आहे. बुरशी आलेला चोथा जनावरांस कदापि घालू नये.

आपल्याकडील स्थिती

महाराष्ट्रात या उद्योगाचे अनुकरण जसेच्या तसे होणे नाही. हॉपच्या वेलीस हिवाळ्यात कडक थंडी व उन्हाळ्यात मोठा दिवस लागतो. भारतात ती हिमाचल प्रदेशातील लाहौल खोऱ्यात लावली गेली आहे. जव हे मुख्यतः राजस्थान, उत्तर प्रदेश इत्यादी राज्यांचे रब्बी पीक आहे. शिवाय १९४९ च्या दारूबंदी कायद्यान्वये राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या परवान्यावाचून मद्य तयार करणे हा गुन्हा आहे, हे पक्के ध्यानात ठेवावे.

तथापि या प्रश्नाचे मर्म आपल्याही अनुभवाचे आहे. २००१ साली राज्याने द्राक्ष-प्रक्रिया धोरण जाहीर केले आणि नाशिक व सांगली भागात द्राक्षमद्याचे कारखाने निघाले. शेतकऱ्यांनी शिराझ, कॅबर्ने सोव्हिन्यों यांसारख्या जाती लावल्या. २००८ नंतर मागणी मंदावताच काही कारखाने अडचणीत आले व त्यांच्यावर विसंबलेल्या बागायतदारांना फटका बसला. थॉम्पसन सीडलेसचा भाव पडला तर बेदाणा करता येतो. या बारीक, बियांच्या द्राक्षांना मात्र कारखान्यावाचून दुसरे गिऱ्हाईक नाही. एकाच दारी विकले जाणारे पीक लावणे म्हणजे आपली मान दुसऱ्याच्या हाती देणे होय.

शेतकऱ्यांस सूचना

कोणत्याही प्रक्रिया-उद्योगासाठी पीक लावण्यापूर्वी पुढील गोष्टींची खात्री करून घ्यावी :

१. खरेदीचा करार लेखी असावा. त्यात भाव, प्रत, माल नाकारण्याच्या अटी आणि पैसे देण्याची मुदत स्पष्ट लिहिलेली असावी.

२. प्रतीची तपासणी कोण व कोठे करणार, हे आधी ठरवावे. शेतकऱ्याच्या समक्ष घेतलेला नमुना उभयपक्षी मोहोरबंद करून ठेवावा.

३. नाकारलेल्या मालास दुसरी बाजारपेठ कोणती व तेथे काय भाव मिळेल, याचा हिशेब करूनच क्षेत्र ठरवावे. पहिल्या वर्षी थोड्याच क्षेत्रावर लागवड करावी.

४. शक्य असेल तेथे सहकारी संस्थेच्या अगर उत्पादक कंपनीच्या द्वारे कारखान्यात भाग घ्यावा, म्हणजे पुढचा नफाही वाट्यास येईल.

मोड आणणे, वाळविणे व दळणे या क्रिया मद्यासाठीच उपयोगी पडतात असे नाही. नाचणी व ज्वारी यांचे माल्ट बालकांच्या व आजाऱ्यांच्या आहारास उत्तम असून त्यास मद्याचा परवाना लागत नाही. अन्नसुरक्षा कायद्याखालील नोंदणी तेवढी करून घ्यावी. आपल्या गावातील महिला बचत गटांनी व तरुण शेतकऱ्यांनी प्रथम या सोप्या मार्गाचा विचार करावा आणि त्याबाबत नजीकच्या कृषी अधिकाऱ्याचा अगर कृषी विज्ञान केंद्राचा सल्ला अवश्य घ्यावा.