‘राजूर’ ही पाच चिन्हं आणि ब्राउझरची किमया

मोबाइलवरचा ब्राउझर उघडा आणि वरच्या पट्टीत ‘राजूर’ असं लिहा. तुमच्या मनात यवतमाळ जिल्ह्याच्या वणी तालुक्यातलं राजूर असेल, कोळशाच्या खाणींचं आणि चुन्याच्या भट्ट्यांचं. समोर मात्र अकोले तालुक्यातलं राजूर येईल, नाहीतर जालना जिल्ह्यातलं गणपतीचं राजूर. यातलं कोणतं आधी दिसणार, हे ब्राउझर ठरवत नाही. तो तुमचा शब्द उचलून एखाद्या शोधयंत्राकडे पाठवतो आणि क्रम ते शोधयंत्र लावतं. ब्राउझर वेगळा, शोधयंत्र वेगळं. या दोघांची गल्लत इतकी सर्रास होते की त्या एका पट्टीची किंमत आपल्या लक्षातच येत नाही. सफारी ब्राउझरमधला शोध आपल्याकडे यावा म्हणून गूगलने अॅपलला २०२२ या एका वर्षात सुमारे २० अब्ज डॉलर दिले, हे अमेरिकेतल्या खटल्यात उघड झालं.

मला त्याहून मोठं नवल वाटतं ते आधीच्या क्षणाचं. ‘राजूर’ हा शब्द पडद्यावर उमटतोच कसा?

तारांमधून आणि टॉवरवरून अक्षरं येत नाहीत, आकडे येतात. अक्षरांना क्रमांक देणाऱ्या युनिकोड या प्रमाण यादीत र म्हणजे २३५२, काना २३६६, ज २३३२, दीर्घ उकार २३७० आणि शेवटी पुन्हा २३५२. पाच चिन्हं. इंटरनेटवर सर्वत्र चालणाऱ्या पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात, म्हणजे राजूर येतं ते पंधरा बाइटांचं. राजूरच्या भट्टीत चुनखडी आणि कोळसा जातो आणि बाहेर चुना निघतो. ब्राउझरमध्ये आकडे जातात आणि बाहेर अक्षर निघतं. कच्चा माल सगळ्या ब्राउझरांना एकच मिळतो, फरक भट्टीत असतो.

‘राजूर’ तसं सोपं आहे. ‘जिल्हा’ घ्या. साठवताना क्रम असा: ज, मग ऱ्हस्व इकार, मग ल, हलन्त, ह, काना. वेलांटी जच्या नंतर साठवलेली, पण काढायची जच्या आधी. ल आणि ह यांना जोडून त्यांचं जोडाक्षर करायचं. म्हणजे आलेले आकडे आले तसे मांडून चालत नाही. ते वाचायचे, त्यांची अक्षरं पाडायची, जागा बदलायच्या, फॉन्टमधून योग्य आकार निवडायचा, आणि हे सगळं पानावरच्या हजारो शब्दांसाठी डोळ्याची पापणी लवायच्या आत. पान सरकवताना साधारण पडदा सेकंदाला साठ वेळा नव्याने रंगवला जातो. एका चित्राला साधारण सोळा मिलिसेकंद मिळतात.

हे आकार घडवण्याचं काम क्रोम आणि फायरफॉक्स या दोन्ही प्रतिस्पर्ध्यांमध्ये ‘हार्फबझ’ नावाचं एकच मुक्त सॉफ्टवेअर करतं. इराणमध्ये जन्मलेल्या बेहदाद इस्फाहबोद यांनी ते प्रामुख्याने उभं केलं. फारसी लिपीतली अक्षरंही एकमेकांना बिलगून आकार बदलतात. ज्याची स्वतःची लिपी अशी आहे, त्याला आपल्या जोडाक्षरांचं दुखणं वेगळं समजावून सांगावं लागलं नसेल, असं मला वाटतं.

आणि मग येते खास मराठीची परीक्षा. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’. एक समुद्र, दुसऱ्या डोंगरातल्या. पहिल्यात र हा रफार होऊन यच्या डोक्यावर बसतो. दुसऱ्यात तो अर्धाच राहून यच्या आधी कलतो. हिंदीला हा फरक लागत नाही, म्हणून केवळ हिंदी डोळ्यांपुढे ठेवून केलेल्या सॉफ्टवेअरमध्ये इथेच घोटाळा व्हायचा. युनिकोडने तोड काढली ती अशी: २३५३ या क्रमांकावर नुक्त्याचा ऱ आहे, तो मुळात द्राविडी भाषांमधल्या एका उच्चारासाठी ठेवलेला. त्याचा अर्धा आकार मराठीच्या कामी आला. यवतमाळ जिल्हा तेलंगणाला भिडलेला आहे. सीमेपलीकडच्या भाषांसाठी राखलेलं चिन्ह अलीकडच्या ‘वाऱ्या’ला आणि ‘कोऱ्या’ला उपयोगी पडावं, हे मला फार सुंदर वाटतं. याच अक्षराचा दुसराही एक मार्ग आहे, साध्या रनंतर हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह. दोन्ही डोळ्यांना सारखे दिसतात, आतले आकडे मात्र वेगळे. म्हणून कधीकधी पानावर शब्द स्पष्ट दिसत असूनही ‘या पानात शोधा’ म्हटल्यावर सापडत नाही.

हे सगळं आज आपण गृहीत धरतो. भारतात सामान्य माणसासाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सुरू केलं. देवनागरी युनिकोडमध्ये १९९१पासून होती, पण ब्राउझर आणि संगणक तिथवर पोचायला वर्षं लागली. मधल्या काळात मराठी संकेतस्थळांनी आपापले फॉन्ट वापरले. इंग्रजी अक्षराच्या जागी मराठी आकार बसवायचा आणि वाचकाने तोच फॉन्ट उतरवून घ्यायचा. नसेल तर पानभर इंग्रजी अक्षरांची खिचडी. मग पानाबरोबरच फॉन्ट पाठवण्याची युक्ती निघाली, पण इंटरनेट एक्सप्लोररला एका प्रकारचा फॉन्ट लागे आणि नेटस्केपला दुसऱ्या. तेव्हा आवडता ब्राउझर निवडण्याचा प्रश्नच नव्हता. ज्यात मराठी दिसेल तो आपला. पुढे विंडोज २०००पासून देवनागरीची सोय आली, तरी एक्सपीवर ती कंट्रोल पॅनेलमध्ये जाऊन, बऱ्याचदा सीडी घालून, चालू करावी लागे.

मोबाइलवर तर कमालच झाली. बऱ्याच जुन्या फोनांवर मराठीच्या जागी चौकोन दिसायचे. त्या काळात जाणकार एकमेकांना एक गुपित सांगत. ऑपेरा मिनी घ्यायचा, पत्त्याच्या पट्टीत ‘ऑपेरा’ आणि ‘कॉन्फिग’ हे दोन शब्द मध्ये अपूर्णविराम देऊन इंग्रजीत लिहायचे, आणि उघडलेल्या यादीत गुंतागुंतीच्या लिप्यांसाठी चित्ररूप अक्षरं वापरण्याचा पर्याय ‘हो’ करायचा. ऑपेरा मिनी मुळात पान स्वतः उघडतच नसे. नॉर्वेतल्या त्या कंपनीचे सर्व्हर पान उघडायचे, पिळून लहान करायचे आणि फोनकडे पाठवायचे. तो पर्याय चालू केला की सर्व्हरच मराठी मजकुराची चित्रं काढून धाडायचा. फोनला देवनागरीचं ओ की ठो कळत नसलं तरी माणूस मराठी वाचायचा! टू-जीच्या रेंजवर, चिल्लर रिचार्जवर. ब्राउझरच्या इतिहासात याहून माणुसकीचं वैशिष्ट्य मला दुसरं दिसत नाही.

२०१७मध्ये बटणांचा जिओफोन आला. त्याची कायओएस ही प्रणाली मोझिलाच्या बंद पडलेल्या फायरफॉक्स ओएसमधून निघालेली होती. म्हणजे ज्यांनी फायरफॉक्सचं नावही ऐकलं नव्हतं, अशा असंख्य लोकांच्या खिशात फायरफॉक्सचं इंजिन चालत होतं.

इंजिन, म्हणजे पान घडवणारा ब्राउझरचा गाभा, हा शब्द इथे महत्त्वाचा आहे. ब्राउझरांची तुलना करायला बसलो की नावांची रांग लागते: क्रोम, एज, ऑपेरा, ब्रेव्ह, सॅमसंग इंटरनेट, आपल्या झोहोचा उला. पण बॉनेट उघडून पाहिलं तर या सगळ्यांत ब्लिंक हे एकच इंजिन. सफारीत वेबकिट. फायरफॉक्समध्ये गेको. संपली यादी. त्यातही ब्लिंक २०१३मध्ये वेबकिटमधून फुटून निघालं आणि वेबकिट केडीई या मुक्त प्रकल्पाच्या इंजिनातून आलं, म्हणजे ही दोन्ही एकाच घराण्यातली. गेको तेवढं वेगळ्या घराण्याचं, नेटस्केपच्या. आणि भारतात आयफोनवर कोणताही ब्राउझर घेतला, तरी आत वेबकिटच असतं.

एकच इंजिन उरलं तर काय होतं, हे आपण भोगलेलं आहे. इंटरनेट एक्सप्लोररचं ६ हे रूप २००१मध्ये आलं, बाजार जवळजवळ पूर्ण काबीज झाला, आणि पुढचं रूप यायला २००६ उजाडलं. पाच वर्षं. घाई करण्याचं कारणच उरलं नव्हतं. ‘हे संकेतस्थळ इंटरनेट एक्सप्लोररमध्ये उत्तम दिसते’ ही ओळ सरकारी पानांच्या तळाशी त्यानंतरही किती वर्षं टिकून होती! तो ब्राउझर निवृत्त झाला १५ जून २०२२ रोजी.

तर मग कोणता निवडावा? मी माझं मत सांगतो. फोन साधा असेल आणि डेटा पुरवून वापरायचा असेल, तर ऑपेरा मिनी आजही उपयोगी आहे. इंग्रजी पान मराठीत वाचायचं असेल, तर क्रोममधल्या भाषांतराची सोय हाताशी असावी. घरातल्या वडीलधाऱ्यांना नजरेचा त्रास असेल, तर संगणकावर एज उघडून ‘मोठ्याने वाचा’ करून द्या. त्यात आरोही आणि मनोहर नावाचे दोन मराठी आवाज आहेत. जाहिरातींचा जाच नको असेल, तर ब्रेव्ह त्या आपणहून अडवतो. अँड्रॉइडवरच्या फायरफॉक्समध्ये जाहिराती अडवणारी एक्स्टेन्शन बसवता येतात. फोनवरच्या क्रोममध्ये ती सोय नाही.

सातबारा काढायला, पेन्शनच्या किंवा कोळसा खाण भविष्य निर्वाह निधीच्या कामाला आपण सेवा केंद्रातल्या संगणकावर बसतो. तिथे ब्राउझर कोणता हे आपल्या हातात नसतं. पण इन्कॉग्निटो खिडकी उघडायला सांगणं हातात असतं, आणि ‘पासवर्ड जतन करू का?’ या प्रश्नाला नाही म्हणणंही. खिडकी बंद केली की त्या संगणकावर आपला इतिहास आणि लॉगिन उरत नाही. इतकंच तिचं काम. इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीपासून किंवा आपण उघडलेल्या संकेतस्थळापासून ती काही लपवत नाही.

माझा स्वतःचा आवडता फायरफॉक्स. काही पानं क्रोममध्ये अधिक सफाईने चालतात, हे मान्य करून. कारण दोन. वेगळ्या घराण्याचं इंजिन वापरात राहिलं तरच टिकेल. आणि त्याच्या मराठी मेनूमधली बरीच वाक्यं पगारी कर्मचाऱ्यांनी नव्हे, मराठी स्वयंसेवकांनी लिहिलेली आहेत.

तुम्ही कोणताही ब्राउझर वापरत असा, आज त्यात ‘जिल्हा’, ‘दर्या’, ‘दऱ्या’ आणि ‘वाऱ्यावर’ हे चार शब्द लिहून पाहा, मग तेच शब्द पानात शोधून पाहा. कुठे आकार चुकला किंवा शब्द सापडला नाही, तर ब्राउझरच्या मदत विभागातून तसं कळवा. आणि मेनूतलं एखादं मराठी वाक्य खटकलं, तर मोझिलाच्या ‘पॉन्टून’ या संकेतस्थळावर खातं उघडून तुम्ही त्याला पर्याय सुचवू शकता. त्याला पैसे लागत नाहीत, संगणकशास्त्राची पदवी लागत नाही. चांगलं मराठी येत असलं की पुरे.