हार्ड डिस्क दिसत नाही म्हणजे हिशेब बुडाला असे नव्हे

करमाळा तालुक्यातील केम हे गाव दौंड-सोलापूर लोहमार्गावरचे स्टेशन म्हणून प्रवाशांना ठाऊक आहे. व्यापाऱ्यांना मात्र ते ठाऊक आहे कुंकवासाठी. कुंकू तयार करणारा, त्याला डब्या, पिशव्या आणि लेबले पुरविणारा, चक्की दुरुस्त करणारा, माल वाहून नेणारा अशी माणसांची एक साखळी या धंद्यावर पोट भरते. आणि ही साखळी चालते ती उधारीवर. माल आज जातो, पैसा सणासुदीनंतर येतो.

ही उधारी पूर्वी लाल कापडात बांधलेल्या चोपडीत असे. आता ती संगणकात आणि संगणकाला जोडलेल्या हाताच्या तळव्याएवढ्या हार्ड डिस्कमध्ये असते. चोपडीला वाळवी लागली तरी चार पाने वाचत. डिस्क मात्र एखाद्या सकाळी संगणकाला जोडावी आणि पडद्यावर काहीच दिसू नये, असे घडते. कधी ती दिसते, पण उघडत नाही आणि पडद्यावर सूचना येते, की ही डिस्क वापरण्यापूर्वी फॉरमॅट करावी लागेल, करायची काय?

व्यापारी बंधूंनो, या लेखातले बाकी सर्व विसरलात तरी चालेल, पण एवढे विसरू नका. या प्रश्नाला उत्तर ‘नाही’ असेच द्यायचे. डिस्क न दिसणे ही एक गोष्ट आहे आणि आतला हिशेब नाहीसा होणे ही दुसरी. पहिलीतून दुसरी बहुतेक वेळा आपल्याच घाईने घडते.

न दिसण्याचे तीन प्रकार

वैद्य जसा औषधाआधी नाडी पाहतो, तसे आधी दुखणे कोणते ते ओळखावे. पहिला प्रकार, डिस्क जोडली तरी दिवा लागत नाही, आत फिरण्याचा आवाज नाही. दुसरा, दिवा लागतो, चक्ती फिरते, पण ‘धिस पीसी’मध्ये डिस्कचे नाव नाही. तिसरा, नाव दिसते, पण डिस्क उघडत नाही, रिकामी दिसते किंवा आकारमान भलतेच दाखविते. पहिल्यात दोष बहुधा वीज, वायर किंवा पिनेचा असतो. दुसऱ्या-तिसऱ्यात तो बहुधा डिस्कवरील नोंदींचा असतो. तिन्हींचा इलाज एक नाही.

आधी वायर आणि वीज

लहान, अडीच इंची डिस्कला वेगळा ॲडॅप्टर नसतो. ती संगणकाच्या यूएसबी भोकातूनच वीज घेते. जुन्या यूएसबी २.० भोकातून नियमाप्रमाणे ५०० मिलीअँपिअर, तर ३.० मधून ९०० मिलीअँपिअर वीज मिळते. चक्ती सुरू होताना जास्त जोर लागतो. वीज अपुरी पडली, की डिस्क सुरू होते, बंद पडते, पुन्हा सुरू होते. म्हणून ती हबमध्ये किंवा पेटीच्या पुढच्या भोकात न लावता मागच्या बाजूच्या, थेट मदरबोर्डवरील भोकात लावून पाहावी. साडेतीन इंची मोठ्या डिस्कला १२ व्होल्टचा स्वतंत्र ॲडॅप्टर लागतो. तिथे संशय आधी ॲडॅप्टरवर घ्यावा आणि बदली ॲडॅप्टर व्होल्टचा आकडा जुळवूनच लावावा.

यानंतर वायर बदलून पाहावी. मोबाईलच्या काही वायरी फक्त चार्जिंगच्या असतात, त्यांतून माहिती जातच नाही. डिस्कची रुंद, चपटी पिनही वारंवार काढघाल केल्याने सैल होते.

कुंकवाच्या कारखान्यात आणखी एक शत्रू असतो, तो म्हणजे पूड. ती इतकी बारीक, की कपड्यांत, कागदात आणि यूएसबीच्या भोकातही जाऊन बसते. पीठगिरणी, मसाल्याची चक्की, लाकूडकाम, पिंजारकाम यांचीही गोष्ट तीच. संगणक बंद करून कोरड्या, मऊ कुंचल्याने भोक साफ करावे. तोंडाने फुंकू नये, कारण फुंकरीबरोबर ओल जाते.

एवढे करून डिस्क दुसऱ्या संगणकाला जोडून पाहावी. तिथे दिसली, तर दोष डिस्कचा नसून आपल्या संगणकाचा आहे, हे विनाखर्च समजते.

डिस्क मॅनेजमेंटचा तक्ता वाचावा

दिवा लागतो आणि नाव दिसत नाही, अशा वेळी विंडोज चिन्हाची कळ दाबून ठेवून एक्सची कळ दाबावी आणि येणाऱ्या यादीतून ‘डिस्क मॅनेजमेंट’ निवडावे. संगणकाला जोडलेली प्रत्येक डिस्क तिथे पट्टीच्या रूपात दिसते. येथे फक्त वाचायचे आहे, घाईने काही दाबायचे नाही.

पट्टी ठीक आहे, आकार बरोबर आहे, पण सी, डी, ई असे अक्षर नाही, असे दिसले तर प्रश्न सोपा आहे. पट्टीवर माऊसचे उजवे बटण दाबून ‘चेंज ड्राइव्ह लेटर अँड पाथ्स’मध्ये एखादे मोकळे अक्षर द्यावे. डिस्क लगेच दिसू लागते. यात आतल्या माहितीला धक्का लागत नाही.

‘ऑफलाइन’ लिहिले असेल, तर डावीकडच्या नावावर उजवे बटण दाबून ‘ऑनलाइन’ करावे.

‘रॉ’, ‘अनअलोकेटेड’ किंवा ‘नॉट इनिशिअलाइज्ड’ यांपैकी शब्द दिसला, तर मात्र हात मागे घ्यावा. ‘रॉ’ म्हणजे डिस्कची अनुक्रमणिका विंडोजला वाचता येत नाही. ‘अनअलोकेटेड’ म्हणजे जागेची वाटणी सांगणारी नोंद सापडत नाही. ‘नॉट इनिशिअलाइज्ड’ म्हणजे डिस्कच्या सुरुवातीची खूणच वाचता येत नाही. नव्या कोऱ्या डिस्कला इनिशिअलाइज करून फॉरमॅट करणे हीच योग्य रीत आहे. म्हणून संगणक आपल्याला तेच सुचवितो. ही डिस्क नवी आहे, की तिच्यात तीन वर्षांची उधारी आहे, हे त्याला कळत नाही. ते आपल्याला कळते. पुस्तकाची अनुक्रमणिका फाटली म्हणून कोणी पुस्तक जाळत नाही.

आकार भलताच का दिसतो?

१ टीबीची डिस्क घेतली आणि संगणक ९३१ जीबी दाखवितो, म्हणून दुकानदाराशी भांडणारे ग्राहक पुष्कळ आहेत. यात फसवणूक नाही. कंपनी १ जीबी म्हणजे १०० कोटी बाइट धरते, विंडोज १,०७,३७,४१,८२४ बाइट धरते. माल तोच, माप वेगळे.

मात्र ३ किंवा ४ टीबीची डिस्क २ टीबीच दिसत असेल, तर ती जुन्या ‘एमबीआर’ पद्धतीने मांडलेली असू शकते. त्या पद्धतीत सुमारे २ टीबीपुढची जागा मोजताच येत नाही. त्यासाठी ‘जीपीटी’ पद्धत लागते. ही अदलाबदल करण्याआधी सर्व माहिती दुसरीकडे उतरवून घ्यावी.

ॲपलच्या संगणकावर किंवा लिनक्सवर तयार केलेली डिस्क विंडोजला वाचता येत नाही. दुकानातील कॅमेऱ्याच्या रेकॉर्डरमधून काढलेल्या डिस्कचेही बहुधा असेच असते, कारण रेकॉर्डर स्वतःच्या पद्धतीने लिहितो. अशा डिस्कवरही ‘फॉरमॅट करायची काय?’ हाच प्रश्न येतो. डिस्क निरोगी असते, फक्त विंडोजला ती भाषा येत नाही. ती तिच्या मूळ यंत्रालाच जोडावी.

टकटक आवाज आला तर

डिस्कमधून ठराविक लयीत टकटक किंवा खरखर ऐकू आली, तर ती तत्काळ बंद करावी. आतली चक्ती बहुधा मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० फेरे घेते आणि वाचणारे टोक तिच्यावर काही नॅनोमीटर अंतरावर तरंगते. कुंकवाचा बारीकातला बारीक कणही या अंतराच्या कित्येक पट मोठा असतो. त्यामुळे दुकानात स्क्रू काढून डिस्कचे झाकण उघडणे म्हणजे तिचा शेवट ओढवून घेणे. फ्रीजमध्ये ठेवणे, चापट मारणे हे उपायही करू नयेत. हे काम धूळमुक्त खोली असलेल्या प्रयोगशाळेचे आहे. तिथला खर्च मोठा असतो, म्हणून आतील माहितीची किंमत आधी मनाशी ठरवावी आणि खर्चाचा अंदाज लेखी घ्यावा.

बाहेरचे कवच काढून आतली डिस्क थेट जोडण्याचा प्रयोग कारागीर करतात. तो पुष्कळदा साधतो, पण नेहमी नाही. काही डिस्कमध्ये यूएसबीचे भोक मूळ पट्टीवरच जोडलेले असते, तर काहींची पट्टी माहिती कुलूपबंद करून लिहिते आणि त्या पट्टीवाचून ती वाचता येत नाही. कवच काढल्यास हमीही जाते, हे ग्राहकाला आधी सांगावे.

आधी नक्कल, मग दुरुस्ती

डिस्क थोडी जरी वाचता येत असली, तरी पहिले काम नक्कल करण्याचे. आधी हिशेबाचे फोल्डर, मग कागदपत्रे, सर्वांत शेवटी फोटो आणि चित्रफिती. ‘चेकडिस्क’ची दुरुस्ती आजारी डिस्कवर आधी चालवू नये. ती अनुक्रमणिका जुळविताना काही नोंदी कायमच्या तोडू शकते. शिवाय मरणपंथाला लागलेल्या डिस्कवर त्या धावपळीचा ताण पडतो.

अनुक्रमणिका हरवली असल्यास ‘टेस्टडिस्क’ आणि ‘फोटोरेक’ ही विनामूल्य साधने जाणकार कारागिराकडे असतात. निघालेली माहिती त्याच डिस्कवर कधीही ठेवू नये, वेगळ्या डिस्कवर ठेवावी. बुडालेल्या विहिरीवर पुन्हा माती टाकायची नसते.

चुकून फॉरमॅट झालेच, तर डिस्क लगेच काढून ठेवावी. ‘क्विक फॉरमॅट’ने बहुधा अनुक्रमणिकाच पुसली जाते, आतला माल बराचसा निघू शकतो. पूर्ण फॉरमॅट मात्र विंडोज व्हिस्टापासून पुढे सर्व जागेवर शून्ये लिहिते. त्यानंतर काही हाती लागत नाही. चक्ती नसलेल्या एसएसडीमध्ये तर साध्या फॉरमॅटनंतरही माहिती झपाट्याने नाहीशी होऊ शकते.

कारागिराची जबाबदारी

दुरुस्तीला आलेली डिस्क ही अमानत आहे. तिच्यात कुणाचे येणे-देणे, कुणाच्या घरातील फोटो, कुणाचे आधार कार्ड असते. कामापुरतेच पाहावे, काम झाल्यावर आपल्याकडील नक्कल ग्राहकासमोर पुसावी आणि जे जमत नाही ते जमत नाही असे स्पष्ट सांगावे. ‘बघतो, करून देतो’ म्हणून चार प्रयोग करणारा कारागीर प्रयोगशाळेला वाचविता आली असती ती डिस्कही घालवितो. डिस्क घेताना ‘आतली माहिती हवी आहे की फक्त डिस्क चालू व्हायला हवी?’ हा प्रश्न विचारून उत्तर पावतीवर लिहावे. निम्मे तंटे या एका प्रश्नाने टळतात.

एक प्रत म्हणजे प्रतच नव्हे

पवित्र कुरआनातील सर्वांत मोठी आयत, सूरह अल-बकरामधील २८२वी, उधारीच्या व्यवहाराबद्दल आहे. मुदतीचा व्यवहार लहान असो वा मोठा, तो लिहून ठेवावा, लिहिण्याचा कंटाळा करू नये, साक्षीदार ठेवावेत, अशी शिकवण त्यात आहे. ज्याने लिहिले, पण लिहिलेले जपले नाही, त्याने अर्धेच काम केले. हिशेब हरवला तर आपले येणे बुडते एवढेच नाही. आपल्याकडून दुसऱ्याचे जे देणे आहे, तेही अंधारात जाते. वर्षअखेर जकात काढताना येणी आणि देणी यांचा आकडा लागतोच. कायद्याच्या बाजूनेही पाहा. जीएसटी १ जुलै २०१७ रोजी लागू झाला. त्याच्या कायद्याप्रमाणे हिशेबाच्या नोंदी संबंधित वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपाव्या लागतात. डिस्क बिघडली, हे उत्तर तिथे पुरत नाही.

२१ जून २०१२ रोजी मुंबईत मंत्रालयाला आग लागली, तेव्हा राज्य सरकारच्या असंख्य फायली जळाल्या. जिथे सरकारचे दप्तर सुरक्षित राहिले नाही, तिथे आपल्या टेबलाच्या खणातील एका डिस्कचा काय भरवसा?

म्हणून नियम साधा ठेवावा. हिशेबाच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर आणि त्यांतील एक दुकानाबाहेर, म्हणजे घरी किंवा इंटरनेटवरील जागेत. टॅलीसारख्या हिशेबाच्या प्रणालीत बॅकअपची सोय असतेच. रोज दुकान वाढविताना ती वापरावी. डिस्क काढण्यापूर्वी ‘सेफली रिमूव्ह’ करावे. वीज अचानक जाते तिथे संगणकाला यूपीएस लावावा. महिन्यातून एकदा बॅकअप उघडून एखादे खाते खरोखर वाचता येते का, ते तपासावे. न उघडलेला बॅकअप म्हणजे न मोजलेली रोकड. आणि तिमाहीला उधारीची यादी कागदावर छापून ठेवावी. कागदाला ना वायर लागते ना वीज.

नवी डिस्क आणि महिन्यातला एखादा तास, एवढाच हा खर्च. वर्षाची उधारी बुडण्यापुढे तो काहीच नाही. आणि एवढे करूनही एखाद्या सकाळी डिस्क दिसली नाही, तर घाबरू नका. आधी वायर पाहा, मग तक्ता वाचा आणि फॉरमॅटच्या प्रश्नाला ‘नाही’ म्हणा. इन्शाअल्लाह, हिशेब सापडेल.