जोजिलाचा रस्ता उघडणारी माणसं

श्रीनगर-लेह महामार्गावर सोनमर्ग मागे पडलं की रस्ता जोजिला खिंडीकडे चढू लागतो. उंची साधारण 11,500 फूट. लडाखात याहून उंच खिंडी कितीतरी आहेत, पण धाक जोजिलाचा. इथला बर्फ नुसता रस्त्यावर साचत नाही, वरच्या उतारांवरून कोसळतो.

हा रस्ता मोकळा करणं हे सीमा सडक संघटनेचं, म्हणजे बीआरओचं काम. सोनमर्गकडून 'बीकन' आणि द्रासकडून 'विजयक' अशी दोन पथकं बर्फ कापत समोरासमोर येतात. हाताशी डोझर आणि स्नो कटर. स्नो कटरची फिरती पाती बर्फ आत ओढतात आणि वरच्या नळीतून तो दरीत भिरकावतात. ताज्या बर्फात हे यंत्र झपाट्यानं चालतं. कोसळून आलेला ढीग मात्र थांबताच घट्ट बसतो, त्यात दगड आणि झाडांचे ओंडकेही असतात. तिथं पात्यांचं काही चालत नाही, आधी डोझरच घालावा लागतो.

कापलेल्या बर्फाच्या भिंतीत सगळा हिवाळा वाचता येतो. प्रत्येक वादळाचा एक थर. मध्येच एखादा थर जाड साखरेसारखा सुटा, रवाळ. धोका असतो तो त्यातच. 30 ते 45 अंशांच्या उतारावर वाऱ्यानं नवा बर्फ आणून लादला की त्या थराला भार पेलत नाही आणि वरची अख्खी लादी सुटते. आभाळ निवळलं म्हणून उतार निवळला असं होत नाही, आणि यंत्रं तर आभाळ निवळल्यावरच बाहेर पडतात.

पूर्वी सहा-सहा महिने बंद राहणारी ही खिंड 2025 मध्ये 32 दिवसांत उघडली. कौतुक व्हायलाच हवं. पण बंदचे दिवस घटले, याचा दुसरा अर्थ भरल्या उताराखाली माणसं जास्त दिवस राबली. त्याच वर्षी 28 फेब्रुवारीला उत्तराखंडात माणाजवळ बीआरओच्या कामावरचे 54 मजूर हिमस्खलनात सापडले. त्यांतले 8 गेले. गाडला गेलेला माणूस पाव तासात बाहेर निघाला तर बहुधा वाचतो. अर्ध्या तासानंतर आशा फार कमी उरते.

म्हणून मला जोजिलाचा बोगदा लवकर पुरा व्हावासा वाटतो. तेरा-एक किलोमीटरचं ते काम चालू आहे.

तोवर एप्रिल-मेमध्ये लेहला निघणाऱ्यांनी दोन दिवस हातचे ठेवावेत. सोनमर्गला गाड्या अडवल्या तर हुज्जत घालू नका.