घरी कोण कोण आहे?

मागच्या वेळी आपण जबाबदारी म्हणजे काय, ते पाहिलं. आज तीच कल्पना विद्यार्थ्यांच्या प्रयोगशाळेत नेऊ या.

२०१०-११ साली अमेरिकेत साल्मोनेलाची साथ आली. ३८ राज्यांत १०९ जण आजारी पडले, एक दगावला. माग काढता काढता तपास पोहोचला सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळांपर्यंत, विद्यार्थ्यांच्या वर्गांपर्यंतसुद्धा. आजाऱ्यांत काही लहान मुलं होती, आणि त्यांच्या घरातलं कोणीतरी अशा प्रयोगशाळेत शिकत किंवा काम करत होतं!

आता, जंतू काही चालत घरी जात नाही. तो पेनावर, वहीवर, मोबाइलवर, कोटाच्या बाहीवर बसून जातो. म्हणून तिथलं पेन तिथंच, कोट तिथंच. आत खाणंपिणं नाही, तोंडानं पिपेट ओढणं नाही. निघताना साबणानं हात धुवायचे. वाढवलेले जंतू टाकण्याआधी ऑटोक्लेव्हमध्ये १२१ अंश सेल्सिअसच्या वाफेत मारायचे. बोटांचे ठसे घेतलेली अगारची बशी एकदा बंद केली की उघडायची नाही. तीत काय वाढलंय, हे आपल्याला ठाऊक नसतं.

विद्यार्थी म्हणतो, "धोका मी पत्करतो." बरं, स्वतःपुरता पत्करता येईल. पण घरातल्या दोन वर्षांच्या मुलाची संमती कोणी घेतली? नियमांचा तक्ता भिंतीवर असतोच. त्यामागचं हे कारण पहिल्याच तासाला सांगायला हवं. तेव्हा कोणी "मला काही होत नाही हो" म्हणालं, तर आपण एवढंच विचारावं: घरी कोण कोण आहे?