ड्रायर बिघडतो तेव्हां

सोलापुरांत वैशाखाच्या उन्हांत दोरीवर टाकलेले कपडे पाहतां पाहतां खडखडीत वाळतात. त्या दिवसांत ड्रायरची आठवण कोणास होत नाहीं. परंतु भाद्रपदांत आमच्याकडील पाऊस भरांत आला म्हणजे घरोघर त्याच यंत्राकडे धांव घ्यावी लागते, आणि नेमकें तेव्हांच तें रुसून बसतें. अशा वेळीं बिघाडाचें कारण कसें शोधावें, हें विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस थोडक्यांत सांगावें असें आम्हांस वाटतें.

प्रथम या यंत्राचें काम कोणतें, हें ध्यानांत घेतलें पाहिजे. थंड देशांतील ड्रायर तापविलेल्या हवेनें कपडे वाळवितो. आपल्याकडील दोन टबांच्या वॉशिंग मशीनमधील ड्रायर कपडे वाळवीत नाहीं, पिळतो. त्यांतील भोंकांचा टब मिनिटास सुमारें १३०० ते १४०० फेरे घेतो. फिरणारी वस्तु प्रत्येक क्षणीं सरळ रेषेंत निसटूं पाहते. कपड्यांस टबाची भिंत अडविते; पाण्यास मात्र भोंकांतून वाट मिळते व तें बाहेर फेंकलें जातें. ओली छत्री गरगर फिरविली असतां थेंब उडतात, त्यांतील तत्त्व हेंच. म्हणून कपडे दमट निघाले एवढ्यावरून ड्रायर बिघडला असें समजूं नये. त्यांतून पाणी ठिबकत असेल तरच तपास करावा.

हा तपास सोप्या कारणापासून अवघड कारणाकडे न्यावा. टब मुळींच फिरत नसेल, तर प्लगमध्यें वीज येते काय, टायमर फिरविला आहे काय, आणि झाकण पुरतें बसलें आहे काय, हें पाहावें. झाकणाखालीं एक स्विच असतो. झाकण किंचित् वर राहिलें तरी वीज तुटते. पुष्कळ तक्रारी येथेंच मिटतात.

टब फिरतो, पण मशीन धडधड आपटतें, असें झाल्यास दोष बहुधा कपडे भरण्याचा असतो. आपल्या सोलापुरी चादरी जाड, आणि टॉवेलांवरील सुताचे फांसे पुष्कळ पाणी धरून ठेवणारे. भिजलेली चादर एका बाजूस कोंबली कीं तोल गेलाच. ती टबाच्या कडेनें सारखी पसरावी, समोरच्या बाजूस तितक्याच वजनाचे कपडे ठेवावे, आणि वर प्लास्टिकची चकती दाबून बसवावी. मशीनचे चारही पाय जमिनीस सारखे टेकले पाहिजेत, हें सांगणें नकोच.

टब फिरूनही कपडे निथळत राहिले, तर पाण्याची वाट पाहावी. नव्या टॉवेलांचा तंतु पाइपांत सांचतो, किंवा पाइप मुडपतो, किंवा त्याचें तोंड उंच राहतें. मग फेंकलेलें पाणी बाहेरच्या टबांत तुंबतें व आंतला टब त्यांतच घुसळत राहतो.

मोटर नुसतीच घूं घूं करीत असेल, तर मशीन ताबडतोब बंद करून प्लग काढावा. एखादा रुमाल वा मोजा दोन टबांच्या फटींत अडकला आहे काय, तें पाहावें. झाकण उघडें असतां टब हातानें जड फिरतो, तो ब्रेकमुळें; त्यास बिघाड समजूं नये. फटींत कांहीं न सांपडल्यास कपॅसिटर अशक्त झाला असेल, किंवा ब्रेक सुटत नसेल. येथें आपलें काम संपलें व कारागिराचें सुरू झालें. कपॅसिटरमध्यें प्लग काढल्यावरही वीज सांठून राहूं शकते. तेव्हां मागचें आवरण उघडण्याचें धाडस विद्यार्थ्यांनीं करूं नये.

आतांपर्यंतचे सर्व बिघाड आपण होऊन तक्रार करतात. कपडे ओले राहतात, आवाज होतो, आणि आपण धांवतों. परंतु एक बिघाड असा आहे कीं, तो असतांही कपडे उत्तम पिळले जातात, म्हणून त्याची कोणी दाद घेत नाहीं. झाकण उघडतांच वीज तुटून ब्रेक लागावा व टब कांहीं क्षणांत थांबावा, अशी योजना असते. ब्रेक झिजला कीं झाकण उघडल्यावरही टब फिरत राहतो. कित्येक घरांत झाकणाचा स्विच बिघडला म्हणून तो दाबून बांधून ठेवतात, आणि झाकण उघडें ठेवून काम चालवितात. फिरत्या टबांत लोंबणाऱ्या कपड्याचें टोक लहान मुलानें धरलें, तर तें त्याच्या बोटांस वेढा घालतें, आणि हात ओढला जाण्यास निमिषही लागत नाहीं.

यास्तव पालकांस आमची विनंति आहे कीं, आजच ड्रायर चालवून झाकण उघडून पाहावें, हात मात्र दूर ठेवावा. टब लौकर थांबला नाहीं, तर कपडे कितीही छान निघत असोत, दुरुस्ती होईपर्यंत तो ड्रायर बंद ठेवावा. पावसाळ्यांत कपडे एक दिवस उशिरां वाळले, तर कोणाचें कांहीं बिघडत नाहीं.