नसबंदीपासून मावशीपर्यंत

1853 साली लंडनच्या एका सर्जनने प्रोस्टेटचा कर्करोग सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला आणि ‘फार दुर्मीळ’ असा शेरा मारला. तेव्हा तो दुर्मीळच असणार, कारण हा आजार बहुधा साठी-सत्तरीत गाठतो. तितकं जगणारे तेव्हा थोडेच. आपल्याकडे तर 1951 च्या आसपासही भारतीयांचं सरासरी आयुष्य जेमतेम 32 वर्षांचं होतं. आज ते सत्तरीच्या घरात आहे. पन्हाळा तालुक्यात, गडावर काय नि वारणेकाठी काय, पारावर बसलेली पिकली पानं पाहिली की धोक्याचं पहिलं कारण कळतं. पण वयाला दोष देऊन कुणाचं समाधान होतं?

संशय गेला नसबंदीवर. आधी कुटुंबनियोजनाची शिबिरं, मग आणीबाणी. 1976 मध्ये महाराष्ट्राच्या विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूर केलं. ते कायदा झालं नाही, पण धास्ती राहिली. ‘ऑपरेशन केलं की गडी खचतो’ ही समजूत त्याआधीचीच. 1993 मध्ये अमेरिकेतल्या अभ्यासांनी नसबंदीचा या कर्करोगाशी संबंध दाखवला आणि त्या समजुतीला शास्त्राचा टेकू मिळाला. मुंबईतल्या रुग्णांवरच्या 1997 च्या अभ्यासातून ठाम काही निघालं नाही. 2002 मध्ये न्यूझीलंडच्या संशोधकांना संबंध आढळलाच नाही. 2017 मध्ये जगभरचे अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा उरला तो अगदी क्षीण धागा. एव्हाना ऑपरेशन बायकांच्याच वाट्याला आलं होतं. त्याला कारणं पुष्कळ, ही भीती त्यातली एक असावी.

दुसरा संशय दुधावर, पण त्याबद्दल कोल्हापुरात जपूनच बोलावं. कट्ट्यावर म्हशीशेजारी उभं राहून धारोष्ण दूध पिणाऱ्यांना सांगायचं तर, दुग्धजन्य पदार्थ आणि जादा कॅल्शियम यांवर संशय आहे, पुरावा तोकडा आहे. वाढलेल्या वजनाचा गंभीर प्रकारच्या आजाराशी संबंध मात्र अधिक भक्कम. आणि बचावासाठी दिलेल्या ई जीवनसत्त्वाच्या गोळ्यांनी तर धोका 17 टक्क्यांनी वाढल्याचं अमेरिकेत 2011 मध्ये दिसलं!

खरा तपास घरातच करायला हवा होता. वडील किंवा भावाला हा आजार असेल तर धोका दुपटीहून अधिक होतो, हे आपल्याला पटतं; रक्त बापाचं, असं मानायची सवय आहे ना. पण हाच धोका वाढवणारा बीआरसीए-2 या जनुकातला दोष आईकडूनही येतो, आणि बायकांत तो स्तनाच्या, अंडाशयाच्या कर्करोगाच्या रूपात दिसतो. म्हणून मावशीला असा कर्करोग झाला होता, ही गोष्ट भाच्याने डॉक्टरांना सांगायची असते. अशा घरातल्या पुरुषाने पन्नाशीची वाट न पाहता चाळिशीतच पीएसए या रक्ततपासणीबद्दल विचारावं.